तंबूचं वजन पाण्यात मोजा

रतनगडाहून हरिश्चंद्रगडाकडे जाणारी पायवाट कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतला उतरते. फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही दोघं मित्र त्या वाटेवर होतो. माझ्या सॅकमध्ये साडेतीन किलोचा तंबू होता आणि दोन लिटर पाणी. तिसरी बाटली मी निघताना घरीच ठेवली होती, कारण सगळं भरल्यावर सॅक उचलवेना. खिंड ओलांडेपर्यंत दोन्ही बाटल्या संपल्या. डिसेंबरात ज्या ओढ्यात मनसोक्त पाणी पाहिलं होतं, तिथे आता वाळका पालापाचोळा आणि धोंडे. कुमशेतच्या पहिल्याच घरातल्या मावशींनी आमचे चेहरे बघूनच कळशी पुढे केली. ओंजळीने पाणी पिताना तंबू माझ्या पाठीवर तसाच होता, घडीसुद्धा न मोडलेला. आदल्या रात्री आम्ही रतनगडावरच्या गुहेत झोपलो होतो.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. तेव्हापासून मी तंबूचं वजन पाण्यात मोजतो. दीड किलो जास्तीचा तंबू म्हणजे घरी राहिलेलं दीड लिटर पाणी. हिमालयातल्या नेहमीच्या वाटांवर चालताना दर थोड्या अंतराने वाहता ओढा भेटतो. आपल्याकडे दिवाळीनंतर डोंगर आटायला लागतो आणि होळीपर्यंत गडावरचं एखाददुसरं टाकं सोडलं तर काही उरत नाही. माणशी तीन-चार लिटर पाणी पाठीवर वाहून न्यावं लागतं. म्हणून सह्याद्रीत फिरणाऱ्याने हलक्या तंबूकडे चैनीची वस्तू म्हणून पाहू नये. तो जिवाच्या सोयीचा भाग आहे.

आता हलका म्हणजे किती हलका? दोघांच्या तंबूचा ढोबळ हिशेब असा : स्वस्तातले तंबू अडीच ते साडेतीन किलोंपर्यंत भरतात, चांगले ट्रेकिंगचे तंबू दीड ते दोन किलोंच्या आसपास असतात आणि एक किलो किंवा त्याहून कमी वजनाचे असतात ते फार महाग. माणशी एक किलो ही मर्यादा मी पाळतो आणि इतरांनाही सुचवतो. दोघांचा दोन किलोचा तंबू असेल तर एकाने कापड घ्यायचं, दुसऱ्याने पोल आणि खुंट्या. हे वाटून घेणं अनेकदा राहून जातं आणि अख्खा तंबू एकाच्याच पाठीवर चढतो.

पण लेबलावरच्या आकड्यावर विसंबू नका. बऱ्याच कंपन्या दोन वजनं छापतात. एक असतं फक्त आतला तंबू, बाहेरचा फ्लाय आणि पोल यांचं. दुसरं पूर्ण पुडक्याचं, म्हणजे खुंट्या, दोऱ्या, पिशव्या धरून. जाहिरातीत ठळक दिसतो तो पहिला आकडा, आणि डोंगरावर खुंट्या-दोऱ्यांवाचून भागत नाही. दोन्हींतला फरक दोन-तीनशे ग्रॅमचा सहज असतो. विमानप्रवासाची बॅग तोलायला जो आकड्याचा छोटा काटा मिळतो, तो घरी असू द्या. पुडकं त्याला अडकवा, येईल तो आकडा खरा. मग पुडकं सोडून एकेक वस्तू वेगळी तोला. मी असं केलं तेव्हा एका तंबूच्या नुसत्या पिशव्या, जाड दोऱ्या आणि लोखंडी खुंट्या मिळून पाऊण किलो भरल्या होत्या. खुंट्या बदलल्या, दोऱ्या बदलल्या, दोन पिशव्या घरी ठेवल्या आणि नवा तंबू न घेता चारशे ग्रॅम उतरले.

तंबू हलका होत गेला त्याची गोष्ट इथे थोडक्यात सांगायला हवी, कारण निवडीचं सूत्र तिच्यातच आहे. १८६५ साली मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा चढलेल्या एडवर्ड व्हिंपरने आल्प्समधल्या मोहिमांसाठी स्वतःचा तंबू बनवला होता. तळाचं कापड भिंतींना शिवलेलं, दोन्ही टोकांना कैचीसारखे लाकडी खांब. तो चौघांचा तंबू दहा किलोंच्या आसपास भरत असे आणि त्या काळी तो हलका गणला जाई. पुढे आल्बर्ट ममरी या इंग्रज गिर्यारोहकाने खांबच काढून टाकले. बर्फात चालायला हातात कुऱ्हाड असतेच, तर तंबू तिच्यावरच उभारावा, असा त्याचा विचार. त्याच्या नावाचा हलका तंबू पुढे बरीच वर्षं वापरात राहिला. ममरी १८९५ साली नंगा पर्बतावर गेला तो परतलाच नाही. त्याची कल्पना मात्र आजही जिवंत आहे. आजचे सर्वांत हलके तंबू ट्रेकिंग पोलवर उभे राहतात. दिवसभर हातात असलेली काठी रात्री खांब होते आणि वेगळ्या पोलांचं वजन वाचतं.

अमेरिकेतल्या एमा गेटवुड या आजींनी १९५५ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, अॅपलेशियन ट्रेल ही तीन हजारांहून अधिक किलोमीटरची वाट एकटीने पूर्ण केली. अकरा मुलांची ही आई खांद्यावर घरी शिवलेली पिशवी घेऊन निघाली होती. पायांत कापडी बूट. तंबू नव्हताच, पाऊस आला की न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा अंगावर. १९९०च्या दशकात रे जार्डिन या अमेरिकी गिर्यारोहकाने एका साध्या ताडपत्रीखाली झोपत लांबचे पल्ले गाठले, त्यावर पुस्तकं लिहिली, आणि तिथून हलक्या सामानाची चळवळच सुरू झाली.

हे वाचताना मला आपले धनगर आठवतात. मेंढरांमागे महिनोन्महिने चालणारा हा माणूस घोंगडी घेऊन निघतो. तीच अंथरूण, तीच पांघरूण, पाऊस आला की तिचीच डोक्यावर खोळ. एका वस्तूची तीन कामं झाली की दोन वस्तू घरी राहतात. हलकेपणाचं सूत्र ते एवढंच. महागड्या कापडाने जेवढं वजन वाचतं, त्याच्या कितीतरी पट नको त्या वस्तू न नेल्याने वाचतं.

तरी कापडाबद्दल थोडं खोलात जायला हवं, कारण दुकानात आकडे फेकले जातात ते कापडाबद्दल. पहिला आकडा डेनियर. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. चर्चगेटहून निघून दादरच्या जवळपास पोचेल एवढा धागा वीस ग्रॅम भरला, तर तो २० डेनियरचा. हलक्या तंबूंचं कापड १० ते ३० डेनियरचं असतं, स्वस्त तंबूंचं ७०च्या आसपास किंवा त्याहून जाड. कमी डेनियर म्हणजे लगेच फाटेल असं नसतं. त्यावर लेप कशाचा आहे, यावर बरंच अवलंबून असतं. सिलिकॉनचा लेप कापड फाटू देत नाही, पण त्याच्यावर शिवणीची पट्टी चिकटत नाही; शिवणी वेगळ्या सिलिकॉनने बंद कराव्या लागतात. पॉलियुरेथेनच्या लेपावर पट्टी छान बसते, कारखान्यातूनच शिवणी बंद होऊन येतात आणि किंमतही कमी पडते. मात्र हा लेप दमटपणाला भितो. त्याकडे पुढे येतो.

दुसरा आकडा मिलिमीटरचा : १,५००, ३,००० वगैरे. प्रयोगशाळेत कापड ताणून बसवतात आणि त्यावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात. तीन ठिकाणी थेंब आरपार आले की त्या क्षणी पाण्याचा स्तंभ किती उंचीचा होता ते पाहतात. तोच हा आकडा. छताला १,२०० ते १,५०० बऱ्याचदा पुरतो. तळाची गोष्ट वेगळी. साठ किलोचा माणूस ओल्या जमिनीवर गुडघे टेकून बसला, आणि दोन्ही गुडघ्यांचा टेकलेला भाग मिळून दीडशे चौरस सेंटीमीटर धरला, तर तिथला दाब चार मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा होतो, म्हणजे ४,००० मिलिमीटर. म्हणून तळाचं कापड छतापेक्षा दणकट लागतं, आणि म्हणून तंबूखाली आणखी एक थर अंथरावा. आपल्याकडे ट्रेकर मंडळी जुना फ्लेक्स बॅनर अंथरतात. तो जड असतो, पण वापरून टाकून दिलेला कुठेही मिळतो आणि कातळावर घासला तरी टिकतो. फक्त तो तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान कापा. बाहेर राहिलेली कड पावसाचं पाणी गोळा करून थेट तुमच्या पाठीखाली आणते.

नायलॉन की पॉलिएस्टर? नायलॉन ताकदीचं, पण ओल शोषून सैल पडतं. संध्याकाळी तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणलेला फ्लाय मध्यरात्री ढिला होऊन आतल्या तंबूला टेकतो, आणि टेकला की पाणी आत. पॉलिएस्टर ओल्याने ढिलं पडत नाही आणि उन्हातही जास्त तग धरतं. आपल्या दवाचा आणि उन्हाचा विचार करता मी पॉलिएस्टरच्या बाजूचा आहे. सर्वांत हलकं कापड ज्याला म्हणतात ते डायनिमाचं. पूर्वी त्याला क्युबेन फायबर म्हणत. ते मुळात शर्यतीच्या नौकांच्या शिडांसाठी बनलं आणि १९९२ साली अमेरिका कप जिंकणाऱ्या ‘अमेरिका क्यूब्ड’ या नौकेवरून त्याला नाव मिळालं. ते पाणी पीत नाही, ताणलं जात नाही, पण टोकदार दगडाने भोसकलं जातं आणि किंमत डोळे फिरवणारी. वर्षातून चार-पाच रात्री गडावर काढणाऱ्याने त्याच्या वाटेला जायचं कारण नाही.

दुकानदार ‘थ्री-सीझन’ असं एक बिरुद सांगतो. हे तीन ऋतू कोणते, हे आपल्याकडे फार थोडे जण विचारतात. ते थंड देशांतले वसंत, उन्हाळा आणि शरद. चौथा ऋतू म्हणजे तिकडचा बर्फाळ हिवाळा. आपला पावसाळा या मोजणीत कुठेच नाही. आंबोली-महाबळेश्वरला वर्षाकाठी हजारो मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. घाटमाथ्यावर तो वाऱ्याबरोबर आडवा येतो, कड्यावरून खालून वरही येतो. कपडे, सॅक, स्लीपिंग बॅग सगळं आधीच ओलं. अशा वेळी तंबूचं कापड कितीही भारी असलं तरी आत कोरडं राहणं कठीण. जून ते सप्टेंबर तंबू घरी ठेवावा आणि पायथ्याच्या गावात कुणाच्या पडवीत, देवळात, परवानगी असेल तर शाळेच्या ओसरीवर झोपावं असं माझं ठाम मत आहे. ज्या घरी राहाल तिथे जेवणाचे पैसे मोकळ्या हाताने द्या.

उरला ऑक्टोबर ते मार्च. या दिवसांत आपला खरा शत्रू पाऊस नसतो. तो असतो दव.

हरिश्चंद्रगडावरची जानेवारीतली पहाट घ्या. सुमारे चौदाशे मीटर उंची, निरभ्र आकाश, वारा पडलेला. रात्री थंडी वाजली म्हणून तुम्ही दोन्ही दारांच्या चेन बंद केल्या, वरची हवेची खिडकीही बंद केली. पाचच्या सुमारास कपाळावर एक थेंब पडतो. विजेरी लावून पाहिलं तर छताला आतून मोत्यांच्या सरी लागलेल्या. पायाकडची स्लीपिंग बॅग कापडाला टेकली होती, तिचा तळवा ओलागच्च. पहिला विचार येतो, तंबू गळतोय. बाहेर पावसाचा टिपूस नाही. हे पाणी तुमचंच आहे. झोपेतला माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पेलाभर तरी पाणी हवेत सोडतो. दोघांचे झाले दोन पेले. शिवाय ओले मोजे, ओला टॉवेल.

आता ते छतालाच का जमतं? स्वच्छ रात्री तंबूचं कापड आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. अंगणात उघड्यावर उभ्या मोटारसायकलची सीट सकाळी ओली असते आणि आंब्याखाली उभी केलेली कोरडी, ते याच कारणाने. झाडाचं छत मध्ये आलं की उष्णता आकाशात निसटत नाही. आतल्या ओलसर हवेला हे थंड कापड लागलं की थेंब जमले.

या एका गोष्टीने सह्याद्रीसाठीची निम्मी निवड ठरते. तंबू दोन थरांचा असावा. आतला जाळीचा, बाहेरचा फ्लाय, मध्ये निदान चार बोटांची पोकळी. ओल जाळीतून बाहेर जाते, फ्लायला जमते, आणि ओघळली तरी मध्ये जाळी असते. एका थराचे तंबू वजनाला फार मोहक दिसतात, पण आपल्या दमट हवेत ते रात्री आतून घाम गाळतात. फ्लायला वर हवेची खिडकी हवीच, आणि ती थंडीतही उघडी ठेवायला हवी. थंडीचा इलाज स्लीपिंग बॅग आणि कानटोपी. खिडकी बंद करणं हा थंडीवरचा इलाज नाही. जागा निवडताना तळ्याचा काठ आणि खोलगट जागा टाळा, कारण थंड आणि ओली हवा तिथेच साचते. झाडाखालची जागा उत्तम. आधी वर वाळलेली फांदी आणि आग्यामोहळ नाही ना, ते पाहून घ्या.

इथे एक मुद्दा ओघात सांगून टाकतो. अमेरिकेतल्या हलक्या सामानवाल्यांचं वाचून आपल्याकडेही काही तरुण नुसत्या ताडपत्रीखाली झोपायला लागले आहेत. आपल्या डोंगरात विंचू आहेत, कोकणाच्या अंगाला फुरसं आहे, मण्यार तर रात्रीच फिरते. चारी बाजूंनी चेन बंद होणारी जाळी आणि भिंतींना शिवलेला तळ यांचे जे तीन-चारशे ग्रॅम आहेत, ते आनंदाने वाहावेत. या बाबतीत वजन वाचवू नये.

लडाखात याच निवडी उलटतात. तिथे हवा कोरडी, दवाचा त्रास कमी, पण जाळीतून बारीक धूळ आणि बोचरा वारा आत येतो. आतला तंबू बराचसा कापडाचा असलेला बरा. बर्फ पडण्याची शक्यता असेल तर जास्त पोल आणि उतरत्या भिंतींचा तंबू लागतो, तो जड असतोच. मात्र आपले बहुतेक लोक हिमालयात संस्थेबरोबर जातात, आणि तिथे तंबू संस्थाच देते. त्यासाठी तंबू विकत घ्यायची गरज नाही. स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. हजारो तंबूंखाली दबून ते गवत परत उगवेना. आपल्याकडेही कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर अभयारण्य आहे. कुठल्याही गडावर तंबू ठोकायची परवानगी आहे का, हे निघण्याआधी वन खात्याकडे किंवा पायथ्याच्या गावात विचारा. नसेल तर वाद घालू नका.

निवडीचा दुसरा निम्मा भाग जमीन ठरवते. सह्याद्री म्हणजे बेसॉल्ट. माथ्यावर वीतभर माती असली तर नशीब, खाली सरळ कातळ. खुंटी दोन इंच जाते आणि टण्ण आवाज करून थांबते. म्हणून खुंट्यांशिवाय नुसत्या पोलांवर उभा राहणारा तंबू आपल्याकडे सोयीचा. ट्रेकिंग पोलवर उभे राहणारे तंबू खुंट्यांच्या ताणावरच उभे असतात; खुंटी सुटली की घर खाली. एकट्याने फिरणाऱ्या, हात बसलेल्या माणसाला ते शोभतात, आणि किलोभरात काम होतं. पण पहिलाच तंबू घेणाऱ्याला मी ते सुचवणार नाही.

कातळावर तणावे कसे बांधायचे ते एकदा शिकून घ्या. तणाव्याचं टोक मुठीएवढ्या दगडाला बांधा आणि तंबूपासून लांब ठेवा. मग तंबू आणि हा दगड यांच्यामध्ये, दोरीवर, दोन हातांनी उचलावा लागेल असा धोंडा ठेवा. ताण आला की लहान दगड मोठ्याला जाऊन अडकतो आणि पकड उलट घट्ट होते. धोंड्यालाच दोरी गुंडाळली तर ती वाऱ्यात घासत राहते आणि बेसॉल्टची धार तिला पहाटेपर्यंत कापते. सकाळी निघताना दगड जिथून उचलले तिथे परत ठेवा, आणि उचलताना खाली विंचू नाही ना ते पाहा. तटबंदीचे, वाड्यांच्या जोत्यांचे, समाध्यांचे दगड काढू नका. गडावरचा घडीव दगड हा इतिहास आहे, त्याला हात लावायचा नाही.

वाऱ्याचा हिशेब साधा आणि भीतीदायक आहे. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. संध्याकाळी सुखद वाटलेली झुळूक रात्री तिप्पट झाली की पोल वाकतात. कोकणकड्याच्या काठावर तंबू लावून सूर्यास्ताचा फोटो काढायचा मोह मला समजतो. पण तिथे कड्यावर आदळलेला वारा वर उसळतो आणि रात्री लघवीला उठलेला झोपाळू माणूस कुठल्या दिशेला चालत जाईल याचा भरवसा नसतो. काठापासून चांगलं शंभर पावलं मागे या. तंबूची अरुंद, बुटकी बाजू वाऱ्याकडे करा आणि वारा नसला तरी झोपण्याआधी सगळे तणावे लावा. मध्यरात्री अंधारात दगड शोधणं फार वाईट.

पोल अॅल्युमिनियमचेच घ्या. फायबरग्लासचे पोल जड असतात, थंडीत उभे चिरतात आणि त्यांची कुसळं हातात घुसतात. पोल बाहीत सरकवताना ढकला, ओढू नका. ओढले की जोड सुटतात. घडी मध्यापासून घाला, म्हणजे आतल्या रबराला दोन्ही बाजूंनी सारखा ताण येतो. वीतभर लांबीची एक नळी तंबूबरोबर येते किंवा वेगळी मिळते. पोल मोडला तर मोडलेल्या जागेवर ती सरकवून वर चिकटपट्टी गुंडाळली की रात्र निघते. ती पंधरा-वीस ग्रॅमची नळी मी कधीच घरी ठेवत नाही.

आकाराबद्दल कंपन्यांची भाषा वेगळी असते. ‘दोघांचा’ म्हणजे एकावन्न सेंटीमीटर रुंदीच्या दोन मॅट शेजारी-शेजारी मावतील एवढा, साधारण सव्वा मीटर रुंद. दोन सॅक त्यात मावत नाहीत. त्या दारापुढच्या पडवीत ठेवायच्या, म्हणून फ्लायला पडवी आहे ना ते बघा. लांबी तुमच्या उंचीपेक्षा फूटभर जास्त हवी, कारण भिंती उतरत्या असतात आणि पाय-डोकं कापडाला टेकलं की ओलं झालंच. आत मांडी घालून ताठ बसता येतं का, हे दुकानातच बसून पाहा. तिघांनी जायचं तर तिघांचा एक तंबू दोघांच्या दोन तंबूंपेक्षा हलका पडतो.

आणि तंबूच्या आत स्टोव्ह पेटवायचा नाही. पडवीतही नाही. हे कापड क्षणात पेटतं, आणि पेटलं नाही तरी बंद जागेतल्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. चहा बाहेर, उघड्यावर, कितीही थंडी असली तरी.

विकत घेतलेला तंबू मरतो तो बहुतेक वेळा घरातच. रविवारी सकाळी दवाने भिजलेला तंबू तसाच पिशवीत कोंबला जातो, रात्री उशिरा घरी, सोमवारी ऑफिस, आणि पुडकं माळ्यावर. पुढच्या ट्रेकला उघडतो तेव्हा काळे ठिपके आणि कुबट वास. पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेत हळूहळू विघटित होतो. कापड आतून चिकट लागायला लागतं, पापुद्रे सुटतात, शिवणीच्या पट्ट्या गळून पडतात. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथल्या पावसाळ्यात हे पुण्यापेक्षा लवकर होतं. एकदा असं झालं की इलाज नाही. म्हणून परत आल्यावर, कितीही दमलेले असा, तंबू पंख्याखाली दोरीवर पसरा. पूर्ण वाळला की जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात सैल भरून कपाटात ठेवा. धुवायचा तर साध्या पाण्याने, साबणाची पूड न वापरता. चेनमध्ये अडकलेली माती जुन्या टूथब्रशने काढा. चेनचा घोडा झिजला की जाळी असून नसल्यासारखी.

तेव्हा कुणी विचारलं की सह्याद्रीसाठी कोणता घेऊ, तर माझं उत्तर असं : दोघांचा, दोन थरांचा, आतून जाळीचा, नुसत्या पोलांवर उभा राहणारा, अॅल्युमिनियमच्या पोलांचा, पॉलिएस्टरच्या फ्लायचा, वरती हवेची खिडकी असलेला, सगळं धरून काट्यावर दोन किलोंच्या आत. असा तंबू सर्वांत स्वस्त नसतो, सर्वांत महागही नसतो. वर्षातून दोनदाच जाणार असाल तर विकत घेऊच नका. पुण्या-मुंबईत भाड्याने मिळतो. दोन-तीन वेगवेगळे तंबू भाड्याने वापरून पाहिलेत की आपल्याला काय हवं ते आपोआप कळतं. आणि ज्या गडावर राहण्याजोगी गुहा आहे, जिथे पायथ्याच्या गावात कुणी आपल्या घरी झोपायला जागा देतं, तिथे तंबू नेऊ नका.

आणलात की पहिल्या शनिवारी गच्चीवर लावा. खुंट्या लागणार नाहीत, तेव्हा विटा घ्या. कातळावरचा सरावही होईल. अंधार पडल्यावर एकदा विजेरीच्या उजेडात लावा. बादलीभर पाणी फ्लायवर ओता आणि आत बसून शिवणी तपासा. रात्री दोघं त्यात झोपा. सकाळी मोडून, पुसून, काट्यावर तोला. जुन्या तंबूपेक्षा जितकं वजन कमी भरेल, तितकं पाणी सॅकमध्ये वाढवा. त्यातलं अर्धा लिटर उतरणीपर्यंत शिल्लक ठेवा. वाटेत कुणीतरी तहानलेला भेटतो.